फॉस्फोलिपिड काढणारी ९६ वेल असलेली प्लेट: पिकोग्रॅम मोजणाऱ्यांसाठी परीक्षण

प्लाझ्मातले (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवातले) औषध मिलिलिटरमागे २० पिकोग्रॅम इतके विरळ असले आणि आकडे जुळेनासे झाले, की लॅबमध्ये पहिला संशय मशीनवर, म्हणजे एलसी-एमएसवर जातो: त्यात कॉलम नावाची नळी सॅम्पलमधले पदार्थ वेगळे करते आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वस्तुमानावरून ओळखून मोजतो. सोर्स (रेणूंना विद्युतभार देणारा भाग) साफ होतो, कॅपिलरी बदलली जाते, सर्व्हिस इंजिनिअरला फोन लागतो. खरे दुखणे मात्र बहुतेक वेळा सॅम्पलच्या तयारीत असते. त्याच टप्प्यावर वापरायची एक वस्तू इथे तपासायची आहे: सुपेल्कोची, म्हणजे मर्कची, हायब्रिडएसपीई-फॉस्फोलिपिड प्लेट. तिच्यात ९६ वेल, म्हणजे छोटे खोलगट कप, प्रत्येक वेलमध्ये ५० मिलिग्रॅम भरण. भरण म्हणजे झिर्कोनियाचा लेप दिलेली सिलिका. प्रथिने वेलमध्येच साकळवायची, साका वर अडवायचा आणि खाली उतरणाऱ्या द्रावातली फॉस्फोलिपिड (फॉस्फेटचे डोके असलेले मेद) भरणाने धरून ठेवायची, एवढेच तिचे काम.

निकाल आधीच सांगून टाकतो. एका ठरावीक दोषावर ही प्लेट फार चांगली आहे. तो दोष तुमच्या पद्धतीत नसेल तर पैसे पाण्यात. आणि काही औषधांच्या बाबतीत ती लिपिडाबरोबर औषधही गिळते. तेव्हा ऑर्डर देण्याआधी दोष तोच आहे ना, हे बघणे आले.

दोष कोणता? प्लाझ्मात लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात आणि साधारण २ ग्रॅम फॉस्फोलिपिड. म्हणजे २० पिकोग्रॅमवाल्या औषधाच्या जवळपास दहा कोटी पट फॉस्फोलिपिड त्याच थेंबात आहेत. ॲसिटोनायट्राइल ओतून प्रथिने पाडली की द्राव काचेसारखा नितळ दिसतो आणि सगळे समाधानी होतात. पण फॉस्फोलिपिड त्या नितळ द्रावात विरघळलेलीच असतात. मिथेनॉलने पाडले तर आणखी जास्त येतात. सोर्समधल्या फवाऱ्याच्या, म्हणजे इलेक्ट्रोस्प्रेच्या, सूक्ष्म थेंबात हे रेणू पृष्ठभाग अडवून बसतात, थेंब नीट सुकत नाही आणि औषधाचे आयन वायुरूपात निघायला वाव राहत नाही. सिग्नल दबतो. आणि किती दबेल ते माणसागणिक बदलते, कारण एकाच्या रक्तातली लिपिड दुसऱ्याइतकी नसतात. अचूकतेचा घात या बदलत्या दाबण्याने होतो. सगळीकडे सारखेच दबले असते तर स्टँडर्ड कर्व्हने (माहीत प्रमाणांवरून काढलेल्या मोजपट्टीने) ते सांभाळून घेतले असते.

दुसरा त्रास उशिरा बाहेर पडणाऱ्यांचा. एकच शेपटी असलेली लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन ग्रेडियंटच्या (कॉलममधून जाणाऱ्या द्रावकाच्या बदलत्या मिश्रणाच्या) मधल्या भागात येतात, पण दोन मेदाम्लांच्या शेपट्या असलेली फॉस्फॅटिडिलकोलिन सी१८ कॉलमला (तेलट भरणाच्या कॉलमला) घट्ट चिकटतात. तीन मिनिटांच्या रनमध्ये ती बाहेर पडतच नाहीत. दोन-तीन इंजेक्शननंतर कधीतरी, भलत्याच सॅम्पलच्या पीकखाली (आलेखातल्या उंचवट्याखाली) उगवतात. त्यामुळे क्यूसी, म्हणजे औषधाचे माहीत प्रमाण घातलेले तपासणीचे सॅम्पल, कधी उत्तम, कधी २५ टक्क्यांनी खाली, आणि कारण काही सापडत नाही. कॉलम धुवायला ९५ टक्के ॲसिटोनायट्राइल चालवत असाल तर तेही फारसे कामाचे नाही. ही लिपिड मिथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉलने सुटतात, ॲसिटोनायट्राइलने जेमतेम.

यावर नेहमीचा आक्षेप असतो: ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेला इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ठरावीक प्रमाणात मिसळलेला औषधाचाच जुळा रेणू, असताना प्लेट हवी कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. इंटर्नल स्टँडर्ड गुणोत्तर सावरतो, हरवलेला सिग्नल परत आणत नाही. ८० टक्के सिग्नल दबला असेल तर तळाच्या पातळीवर, म्हणजे एलएलओक्यूवर (विश्वासाने मोजता येणाऱ्या सर्वात कमी पातळीवर), पीक गोंगाटात बुडते आणि तिथे दोन्ही पीकचे गुणोत्तर कितीही प्रामाणिक असले तरी उपयोग नसतो. एलएलओक्यूचा सिग्नल ब्लँकच्या (औषध नसलेल्या सॅम्पलच्या) किमान पाचपट हवा, ही अट तिथेच अडते. दुसरे म्हणजे ड्युटेरियमवाला रेणू रिव्हर्स फेजवर (सी१८ सारख्या तेलट कॉलमवर) मूळ औषधाच्या किंचित आधी बाहेर पडतो. दाबण्याचा उतार तिथे तीव्र असेल तर काही सेकंदांच्या फरकानेही दोघे वेगवेगळे दबतात. कार्व्हेडिलॉल आणि त्याच्या डी५ स्टँडर्डच्या बाबतीत हे २००७ मध्ये छापून आले आहे. परवडत असेल तर कार्बन-१३ लावलेला स्टँडर्ड घ्यावा, तो मूळ रेणूबरोबरच चालतो. नाही परवडला तर दाबणारा पदार्थच काढावा. प्लेटचे खरे समर्थन हे.

आता दोष फॉस्फोलिपिडचाच आहे हे कसे ओळखायचे. दोन चाचण्या, दोन्ही अर्ध्या दिवसात होतात आणि दोन्हीला प्लेट लागत नाही. पहिली पोस्ट-कॉलम इन्फ्यूजनची. कॉलम आणि सोर्सच्या मध्ये टी-जोड बसवा. सिरिंज पंपाने औषधाचे मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅमचे द्रावण मिनिटाला ५ ते १० मायक्रोलिटर वेगाने सोडत राहा आणि ऑटोसॅम्पलरमधून तुमच्याच पद्धतीने तयार केलेले ब्लँक प्लाझ्माचे एक्स्ट्रॅक्ट इंजेक्ट करा. सरळ रेषेत जिथे खड्डा पडतो तिथे काहीतरी सिग्नल दाबते आहे. औषधाची वेळ त्या खड्ड्यात किंवा त्याच्या काठावर असेल तर तुमची अडचण खरी. काठ खड्ड्यापेक्षा वाईट, कारण कॉलम जुना होऊन रिटेन्शन (बाहेर पडायची वेळ) थोडे सरकले की दाबण्याचे प्रमाण बदलते.

खड्डा दिसला म्हणून तो लिपिडचाच असे नाही. पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटातला खड्डा क्षारांचा असतो, त्यावर ही प्लेट काहीही करत नाही. म्हणून दुसरी चाचणी. पॉझिटिव्ह मोडमध्ये सोर्समध्ये व्होल्टेज चढवून एम/झेड (आयनाचे वस्तुमान भागिले भार) १८४ ते १८४ हे ट्रान्झिशन (मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांची मोजायची जोडी) लावा. फॉस्फोकोलिनचा तुकडा १८४ ला येतो, त्यामुळे लायसो, डायॲसिल (दोन शेपट्यांची) आणि स्फिंगोमायलिन अशी सगळी मंडळी एकाच रेषेत दिसतात. नेमकेपणा हवा असेल तर ४९६ ते १८४ आणि ५२४ ते १८४ ही दोन लायसोंसाठी, ७५८ ते १८४ आणि ७८६ ते १८४ डायॲसिलसाठी ठेवा. ही ट्रान्झिशन पद्धत बनवताना तर लावाच, पण सॅम्पल चालू असतानाही एखादे ठेवायला हरकत नाही, ड्वेल टाइम (मशीनचा मोजण्याचा वेळ) थोडाच जातो. १८४ चा डोंगर आणि इन्फ्यूजनचा खड्डा एकावर एक बसले, तर प्लेट मागवा. नाही बसले तर आधी ग्रेडियंट बदलून बघा. औषध डोंगरापासून अर्धा मिनिट सरकवणे फुकट पडते.

प्लेट वापरायची रीत कागदावर चार ओळींची आहे आणि त्या चारही ओळींत चुका होतात.

सॅम्पल वितळल्यावर व्हॉर्टेक्स करा (मशीनवर गरगर हलवा), मग ४ अंशांना ३००० जी ला १० मिनिटे फिरवा. गोठून वितळलेल्या प्लाझ्मात फायब्रिनचे धागे असतात. ते टिपमध्ये अडकले की १०० ऐवजी ८० मायक्रोलिटर येतात आणि पडद्यावर काहीच कळत नाही. इंटर्नल स्टँडर्ड ही चूक पकडत नाही, कारण तो नंतर वेगळा घातलेला असतो. फिरवल्यावर वरच्या मेदाच्या थरातून किंवा तळाच्या गाळातून उचलू नका, मधून उचला. प्लाझ्मा घट्टसर असल्याने रिव्हर्स पिपेटिंग (जास्त ओढून ठरलेलेच सोडणे) करावे आणि टिप एकदा प्लाझ्मानेच ओली करून घ्यावी.

वेलमध्ये आधी प्लाझ्मा १०० मायक्रोलिटर, मग इंटर्नल स्टँडर्ड ५ मायक्रोलिटर. स्टँडर्डचे द्रावण ५० टक्के मिथेनॉलमधले असले तर एवढ्या आकारमानात चालते. ५० मायक्रोलिटर घालू लागलात तर तो जिथे पडतो तिथेच प्रथिने साकळतात आणि स्टँडर्ड साक्याबाहेर राहतो, तर औषध साक्यात. प्रथिनांना जास्त चिकटणारे औषध असेल तर हलकेच हलवून १० ते १५ मिनिटे थांबा, म्हणजे स्टँडर्डलाही प्रथिनांशी जुळायला वेळ मिळतो. वेलमधल्या भरणावरची चकती पाण्याला नाखूश असते, त्यामुळे प्लाझ्मा खाली गळत नाही.

मग १ टक्का फॉर्मिक आम्ल घातलेले ॲसिटोनायट्राइल, ३०० मायक्रोलिटर. इथून घड्याळ सुरू होते. ॲसिटोनायट्राइलने चकती ओली झाली की वेल आपणहून गळायला लागते, आणि न ढवळलेला द्राव तसाच खाली उतरला तर प्रथिनेही उतरतात आणि खालच्या प्लेटमध्ये दुधाळ द्राव दिसतो. म्हणून एका वेळी एक रांग, मल्टिचॅनल पिपेटने जोरात सोडायचे आणि रुंद तोंडाच्या टिपने चार-पाच वेळा वर-खाली करायचे. ९६ वेल भरून झाल्यावर मग शेकरवर ठेवू, असे म्हणाल तर पहिली रांग तोवर निम्मी रिकामी झालेली असेल. ॲसिटोनायट्राइल हळू ओतले तर साक्याचे मोठे गोळे बनतात आणि औषध त्यांत अडकते. एका वेलमध्ये गोळे आणि शेजारच्या वेलमध्ये भुगा दिसला तर त्या दोन वेलच्या रिकव्हरीची (घातलेल्यापैकी किती औषध परत मिळाले याची) तुलना करू नका. आणि तिप्पट म्हणजे तिप्पट. सॅम्पल कमी पातळ व्हावे म्हणून दुप्पट घालण्याचा मोह होतो, तो टाळा. प्रथिने पूर्ण पडत नाहीत आणि वेल तुंबते.

व्हॅक्यूम १० इंच पाऱ्यापासून सुरू करून हळूहळू १५ पर्यंत न्या. न वापरलेल्या वेलवर चिकटपट्टी हवीच, नाहीतर हवा तिथून आत येते आणि भरलेल्या वेल जागच्या जागी राहतात. पंप बिचारा धापा टाकतो आणि दोष प्लेटला दिला जातो. खालची जमा करणारी प्लेट इतक्या उंचीवर हवी की वरच्या वेलचे नळे तिच्या वेलमध्ये थोडे उतरलेले असतील. अंतर राहिले तर थेंब उडून शेजारच्या वेलमध्ये जातात. एक वेल सर्वात जास्त पातळीची आणि लगतची वेल ब्लँक, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी प्लेट एकदा भरून बघा. ब्लँकमध्ये एलएलओक्यूच्या २० टक्क्यांहून जास्त आले तर मांडणी सुधारा. पॉझिटिव्ह प्रेशर मॅनिफोल्ड (वरून दाब देणारी चौकट) असेल तर तोच वापरा, प्रवाह जास्त सारखा पडतो.

खाली आलेला द्राव चारपट पातळ झालेला असतो आणि त्यात ७५ टक्के ॲसिटोनायट्राइल असते. थेट रिव्हर्स फेजवर १० मायक्रोलिटर टोचले तर लवकर येणारे पीक फुटते किंवा पुढे पसरते. हिलिक (पाण्याची ओढ असलेला कॉलम) वापरणाऱ्यांची मात्र चंगळ, त्यांना असाच द्राव हवा असतो. बाकीच्यांनी तेवढेच पाणी घालून पातळ करावे किंवा सुकवावे. पिकोग्रॅमसाठी सुकवण्यावाचून गत्यंतर नसते. द्रावातले ठरलेले ३०० मायक्रोलिटर नव्या प्लेटमध्ये घेऊन नायट्रोजनखाली ४० अंशांना सुकवा आणि १०० मायक्रोलिटर पुनर्द्रावात (पुन्हा विरघळवायच्या द्रावकात) घ्या. पुनर्द्रावात किमान ३० टक्के मिथेनॉल ठेवा. स्टेरॉइडसारखे तेलट रेणू नुसत्या पाण्यात आले की पॉलिप्रॉपिलीनच्या भिंतीला चिकटून बसतात. वरून घालून खाली किती मिळेल याचा हिशोब करताना हे नुकसान विसरले जाते.

या प्लेटची रसायनी बाजू सगळ्यात महत्त्वाची आहे आणि खरेदीच्या वेळी तिच्याकडेच दुर्लक्ष होते. झिर्कोनियम इलेक्ट्रॉनचा भुकेला आहे, म्हणजे लुइस आम्ल. फॉस्फेट हा जोरदार लुइस बेस (इलेक्ट्रॉन देणारा), म्हणून फॉस्फोलिपिडचे डोके तिथे अडकते. पण झिर्कोनियमला फॉस्फोलिपिड आणि औषध यांतला फरक कळत नाही. ज्या औषधाच्या अंगावर फॉस्फेट किंवा फॉस्फोनेट आहे ते गेलेच: टेनोफोव्हिर, ॲलेन्ड्रोनेटसारखे बिस्फॉस्फोनेट, न्यूक्लिओटाइड. त्यांच्यासाठी ही प्लेट विकत घेऊ नये. शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेली कॅटेकॉल आणि धातूला पकडणारे इतर रेणूही संशयाच्या यादीत ठेवा. कार्बॉक्सिलिक आम्लांचे तेवढे गंभीर नाही. द्रावणातले फॉर्मिक आम्ल त्यासाठीच असते. फॉर्मेट झिर्कोनियमच्या जागा अडवतो, आम्लधर्मी औषधाला बसू देत नाही, पण फॉस्फेटपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून फॉर्मिक आम्ल ही सजावट नव्हे. एक लिटर ॲसिटोनायट्राइलला १० मिलिलिटर, ताजे बनवलेले. ते मिथेनॉलमध्ये बनवून ठेवू नका, मिथाइल फॉर्मेट तयार होत जाते आणि आम्लाचे प्रमाण रोज घटते.

बेसधर्मी औषधांची तऱ्हा वेगळी. झिर्कोनियाखालच्या सिलिकेचे सिलेनॉल (पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट) त्यांना कॅटायन (धनभारित आयन) म्हणून धरतात. रिकव्हरी ४० टक्के आली आणि औषध बेस असले तर कारण बहुधा हेच. त्यासाठी पर्यायी द्रावण आहे: मिथेनॉलमध्ये १ टक्का अमोनियम फॉर्मेट. अमोनियम सिलेनॉलवर बसतो, औषध सुटते. उपाय चालतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, प्लाझ्मात मिसळल्यावर ७.५. ३०० मायक्रोलिटर सुकवले तर तळाशी सव्वादोन मिलिग्रॅमपर्यंत मीठ उरू शकते, आणि ते १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवले की सव्वादोन टक्क्यांचे खारट द्रावण मशीनमध्ये जाते. लवकर येणाऱ्या औषधाला हे नवे दाबणे झाले. पहिला मिनिट डायव्हर्ट व्हॉल्व्हने कचऱ्यात सोडा, किंवा न सुकवता थोडे टोचा. मिथेनॉलचा आणखी एक सापळा क्लोपिडोग्रेलवाल्यांसाठी. रक्तात त्याच्या आम्लाचे ॲसिल ग्लुकुरोनाइड भरपूर असते आणि मिथेनॉलच्या सहवासात त्याचे पुन्हा क्लोपिडोग्रेल बनते. आकडे फुगतात, तेही फक्त खऱ्या रुग्णांच्या सॅम्पलमध्ये. क्यूसीत ग्लुकुरोनाइड नसल्याने क्यूसी झकास येतात. तिथे ॲसिटोनायट्राइलच वापरावे. स्टॅटिनवाल्यांनी आम्लाकडे बघावे. लॅक्टोन आणि हायड्रॉक्सी आम्ल यांची अदलाबदल पीएचवर चालते, त्यामुळे १ टक्का फॉर्मिक आम्लात सॅम्पल किती वेळ राहते ते मोजूनच ही प्लेट त्या पद्धतीत आणावी.

एसपीईची (भरणावर औषध धरून मग सोडवण्याच्या पद्धतीची) सवय असलेले हात प्लाझ्मात आपोआप ४ टक्के फॉस्फोरिक आम्ल घालतात, प्रथिनांपासून औषध सुटावे म्हणून. या प्लेटवर ते अजिबात नको. फॉस्फेट भरणातल्या जागा आधीच व्यापतो आणि लिपिड सरळ खाली जातात. फॉस्फेट बफरचेही तेच. याचाच दुसरा अवतार ब्लँक प्लाझ्मात लपलेला असतो. ब्लड बँकेच्या पिशवीतून आलेल्या प्लाझ्मात सीपीडीए (रक्त साकळू न देणारे द्रावण) असते, म्हणजे सायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही, ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ४९ मिलिलिटर. लाल पेशी काढून टाकल्यावर तो बहुतांश द्राव प्लाझ्मातच उरतो. कर्व्ह अशा प्लाझ्मात बनवायचा आणि रुग्णांचे सॅम्पल के२ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या) नळीतले, हा प्रकार मुळातच चूक आहे, आणि या प्लेटवर तर सायट्रेट व फॉस्फेट भरणाशीच झोंबतात. ब्लँक प्लाझ्मा ईडीटीएमध्येच गोळा केलेला मागवा, थोडा महाग पडला तरी.

क्षमतेची मर्यादा साधी आहे: ५० मिलिग्रॅमच्या वेलला १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा. सिग्नल कमी पडतो म्हणून ३०० मायक्रोलिटर ओतले तर जागा संपतात आणि लिपिड फुटून येतात. मेदाळ प्लाझ्मात आणखी लवकर. आणि पिकोग्रॅमच्या कामात प्लेटची दुखरी नस हीच. हिशोब करून बघा. मिलिलिटरमागे ५ पिकोग्रॅम औषध, प्लाझ्मा १०० मायक्रोलिटर, म्हणजे वेलमध्ये सगळे मिळून ०.५ पिकोग्रॅम. ४०० पैकी ३०० मायक्रोलिटर सुकवले, १०० मध्ये घेतले, २० टोचले. कॉलमवर ७५ फेम्टोग्रॅम. तेच औषध ५०० मायक्रोलिटर प्लाझ्मातून मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथरने काढले, रिकव्हरी ८० टक्के धरली, तर त्याच २० मायक्रोलिटरमध्ये ४०० फेम्टोग्रॅम. पाचपटीहून जास्त. फ्लुटिकासोनसारख्या इनहेलरमधल्या, भाररहित आणि तेलट रेणूसाठी म्हणूनच लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शन अजून गादीवर आहे. ईथरमध्ये फॉस्फोलिपिड थोडी येतात, हेक्झेन मिसळले तर आणखी कमी. वेळ जास्त जातो, हात दुखतात, ईथर उडतो, पण तळाची पातळी गाठता येते. प्लेटचा हक्काचा पट्टा वेगळा: मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅमपासून वर, मशीन संवेदनशील, सॅम्पल शेकड्यांनी आणि औषध ईथरमध्ये जायला तयार नाही.

इतर प्लेटबद्दल थोडक्यात. वॉटर्सची ऑस्ट्रो याच रीतीने, वेलमध्येच साकळवून वापरतात. ॲजिलेंटच्या कॅप्टिव्हा ईएमआर-लिपिडचे तत्त्व निराळे आहे. ती फॉस्फेट बघत नाही, लिपिडची सरळ लांब शेपटी भरणाच्या आत शिरते आणि अडकते. त्यामुळे फॉस्फेटवाले औषध झिर्कोनियावर अडत असेल तर आधी ही बघावी. तिला द्रावात थोडे पाणी लागते, नुसत्या ॲसिटोनायट्राइलमध्ये शेपटी आत जात नाही. तुमच्याच औषधाची शेपटी लांब असेल तर मात्र तिथे धोका. तीन्ही प्लेटचे नमुने मागवून एकाच दिवशी, एकाच प्लाझ्मावर लावले तर वाद मिटतो.

काय निघत नाही तेही लिहून ठेवले पाहिजे. क्षार आणि युरिया सरळ खाली उतरतात, ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर यांनाही झिर्कोनिया धरत नाही. औषधाच्या फॉर्म्युलेशनमधले पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि पॉलिसॉर्बेट ८० ही उतरतात. शिरेतून दिलेल्या औषधात पहिल्या काही वेळांचे सॅम्पल दबतात आणि नंतरचे नाही, अशी वक्ररेषा दिसली तर लिपिडमागे लागू नका.

प्लेटने अचूकता खरेच सुधारली का, याचा पुरावा रिकव्हरीच्या आकड्यात नसतो. विक्रेत्याच्या पत्रकात '९९ टक्के फॉस्फोलिपिड काढले' असे असले तरी ते तुमच्या औषधाबद्दल काही सांगत नाही. पुरावा मॅट्रिक्स फॅक्टरमध्ये. सहा वेगवेगळ्या व्यक्तींचे ब्लँक प्लाझ्मा प्लेटमधून काढा, निघालेल्या द्रावात औषध आणि इंटर्नल स्टँडर्ड मागाहून मिसळा आणि शुद्ध द्रावणातल्या पीकशी तुलना करा. समजा शुद्ध द्रावणात औषधाचे क्षेत्रफळ ५२,००० आणि एक्स्ट्रॅक्टमध्ये ३८,०००. मॅट्रिक्स फॅक्टर ०.७३. स्टँडर्डचा ०.७५ आला तर भागाकार ०.९७. हा भागाकार सहाही व्यक्तींत किती हलतो ते बघायचे. विचलन १५ टक्क्यांच्या आत हवे, आणि चांगल्या पद्धतीत ते ५ च्या आसपास बसते. नुसत्या ॲसिटोनायट्राइलने पाडलेल्या सॅम्पलवर हाच आकडा शेजारी काढा. दोन्ही ४ आणि ५ आले तर प्लेट परत पाठवा.

२०२२ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या आयसीएच एम१० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार मॅट्रिक्सचा (इथे प्लाझ्माचा) परिणाम किमान सहा स्रोतांत, लो आणि हाय क्यूसीच्या तीन-तीन प्रतींनी, प्रत्येक स्रोताची अचूकता १५ टक्क्यांच्या आत आहे का असा बघायचा. सरासरीत एखादा बिघडलेला स्रोत लपून जायचा, ती सोय आता राहिलेली नाही. मेदाळ आणि हेमोलाइज झालेला (लाल पेशी फुटून रंगलेला) प्लाझ्माही शेजारी ठेवाच, कारण भरणाची क्षमता तिथेच कमी पडते. प्लेटचा फायदा खऱ्या अर्थाने दिसतो तो इन्कर्ड सॅम्पलच्या (औषध घेतलेल्या माणसांच्या खऱ्या सॅम्पलच्या) पुनर्मोजणीत: पहिल्या हजारातले १० टक्के, पुढचे ५ टक्के, आणि दोन-तृतीयांश सॅम्पलचा फरक २० टक्क्यांच्या आत. लिपिड कॉलमवर साठत असतील तर ही मोजणी आधी ढासळते, क्यूसी नंतर.

पैशांचा हिशोब करताना प्लेटची किंमत ॲसिटोनायट्राइलच्या किमतीशी ताडू नका, ती लढाई प्लेट हरणारच. रद्द झालेला एक रन, त्यात गेलेला इंटर्नल स्टँडर्ड, दर आठवड्याला सोर्स उघडून पुसण्यात गेलेला वेळ आणि कॉलमचे आयुष्य हे ताडा. आयात माल आहे, तेव्हा स्टडी सुरू होण्याआधी पूर्ण स्टडीपुरत्या प्लेट एकाच लॉटच्या उचला. अर्धवट वापरलेली प्लेट उघडी ठेवू नका, न वापरलेल्या वेल पट्टीने बंद करून पाकिटात डेसिकंटसह ठेवा, आणि कोणत्या वेल झाल्या ते प्लेटच्या कडेला लिहा. स्टडीच्या मध्ये लॉट बदलावाच लागला तर नव्या लॉटवर सहा प्लाझ्मांचा मॅट्रिक्स फॅक्टर आणि एका प्लेटभर लो क्यूसी एवढे आधी चालवावे. कडेच्या वेल आणि मधल्या वेल यांच्या सरासरीत फरक पडला तर सॅम्पल फ्रीजरमध्येच राहू द्यावेत आणि आधी मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे.